पाठीला माती लागेपर्यंत

देखाव्यात मरणं हे सगळ्यांत अवघड काम. जगणं कुणालाही जमतं. छाती पुढे काढायची, तलवार उपसायची आणि कॅसेटमधल्या आवाजाबरोबर ओठ हलवायचे. पण मेलेल्या माणसाला पुढची पाच-सहा मिनिटं उघड्या फळीवर निपचित पडून राहायचं असतं, आणि गल्लीतल्या डासांना देव-दानव असला भेद कळत नाही. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ राक्षस मारले. त्यातले निम्मे मेल्यावर पाय खाजवताना पब्लिकनं पकडले.

मी शाळेत चित्रकलेचा शिक्षक होतो. मूळ गारगोटीकडचा, नोकरीसाठी कोल्हापुरात आलो आणि इथलाच झालो. पगार शाळेनं दिला, पण माझा जीव रमला तो गौरी विसर्जनापासून अनंत चतुर्दशीपर्यंतच्या मोजक्या संध्याकाळींत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे त्या दिवसांत पेठापेठांतली तालीम मंडळं सजीव देखावे करतात. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी फळ्यांचा रंगमंच, त्यावर पेठेतलीच जिवंत माणसं, आणि बारा-तेरा मिनिटांचा प्रसंग. संवाद आधी स्टुडिओत चांगल्या आवाजाच्या लोकांकडून बोलून घेतलेले असतात. नटांनी फक्त अंग हलवायचं. एक खेळ संपला की स्वयंसेवक ओरडतात, "चला पावणं, फुडं सरका," आणि मागची गर्दी पुढे येते. की पुन्हा तोच प्रसंग, तोच राक्षस, तेच मरण.

ह्या धंद्याचा कायदा एकच. कॅसेट कुणासाठी थांबत नाही. नट चुकला, घसरला, त्याची मिशी सुटली, तरी आवाज पुढे जातच राहतो. नटानं आवाजामागं पळायचं. नव्वदच्या दशकात एकदा मी बकासुरवध बसवला. बकासुर होता मूळ कबनूरचा, पण पेठेत राहणारा बाबू, यंत्रमागावर काम करणारा, देहानं दारातून आडवा होऊनच आत येणारा. पहिले दोन दिवस छान मेला. तिसऱ्या दिवशी भीमानं गदा घातली, पुन्हा घातली, तिसऱ्यांदा तर खरीच लागली, पण बाबू हालेना. इकडे कॅसेटमध्ये नगरजन म्हणतायत, "बकासुर मेला, आपण सुटलो," आणि बकासुर मिशीवर ताव देत मधोमध उभा. पडदा पडल्यावर मी त्याची गचांडी धरली. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, सासरवाडीची मान्सं आल्यात टेंपो करून. मेव्हणी म्होरंच हुबी हाय. तिच्या म्होरं कसं मरू?"

तेव्हा हसलो. पण आमची माणसं मरायला भीत नाहीत, चारचौघांत हरायला भितात, हे मला बाबूनं शिकवलं. ते पुरतं कळायला मात्र रोमला जावं लागलं.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. रोमच्या आखाड्यातल्या लढवय्यांवरचा एक इंग्रजी सिनेमा मंडळाच्या पोरांनी सीडीवर पाहिला आणि ती माझ्याकडे आली. "सर, औंदा रोम करायचं." आमच्या मंडळाचे अध्यक्ष अण्णा म्हणजे जुने कुस्तीशौकीन. मैदान कुठंही असो, अण्णा पहिल्या रांगेत. त्यांना वाटलं होतं पोरं पुराणातलं काही सांगतील. पण आखाडा म्हटल्यावर त्यांचे कान टवकारले. वर पोरांनी त्यांना सम्राटाचं काम देऊ केलं. अण्णांनी पोटावरून हात फिरवला आणि रोमला मंजुरी दिली.

तयारी सुरू झाली. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांची शिरस्त्राणं केली, त्यांवर झाडूच्या काड्या लाल रंगवून तुरे लावले. चपला करणाऱ्या महादूनं गुडघ्यापर्यंत चढणाऱ्या चामडी पट्ट्यांच्या वहाणा अशा बनवल्या, की रोमच्या माणसानं पाहिल्या असत्या तर जोडभर मागून घेतल्या असत्या. सम्राटाचं सिंहासन मंगल कार्यालयातून आलं, नवरा-नवरीच्या जोडीतली नवऱ्याची खुर्ची. फळ्यांवर पोती अंथरून त्यावर तालमीतली लाल माती टाकली. वाळू टाकावी असं मी म्हणत होतो, पण अण्णा म्हणाले, "लडाई मातीवरच हुनार. रोम आसंल रोमच्या घरी."

मी मात्र कुठलाही देखावा वाचल्याशिवाय केला नाही. माझ्या ओळखीच्या एक इनामदार बाई होत्या, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "बाई, हरलेल्याला मारायचं की सोडायचं हे लोक अंगठ्यानं ठरवत ना? वर म्हणजे जगव, खाली म्हणजे मार. बरोबर ना?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "जुन्या ग्रंथांत अंगठा वळवला एवढंच येतं. कुठे वळवला, वर, खाली का गळ्याकडे, हे आज कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एका चित्रकारानं मोठं चित्र काढलं, त्यात बायका अंगठे खाली करून बसल्यात. तिथून सगळ्यांनी ते उचललं."

म्हणजे सगळ्या जगाची समजूत एका ड्रॉइंगवाल्यानं करून दिलेली होती. मला धंद्याचा अभिमानच वाटला.

बाईंनी मग नीट समजावलं. हरलेला ढाल टाकून बोट वर करायचा. म्हणजे मी संपलो, मला सोडा. खेळ भरवणारा गर्दीकडे बघायचा. सोडावासा वाटला तर काही वेळा लोक कापडं हलवत. आणि प्रत्येक वेळी मारत नसत. लढवय्या तयार करायला वर्षं जात, खुराक लागे, मालकाला तो मेलेला परवडत नसे. "आणि लोकांचं म्हणाल," बाई म्हणाल्या, "तर नीट लढून हरलेल्यावर ते सहसा रागवत नसत. अंग चोरून लढणाऱ्याची मात्र त्यांना चीड होती."

मी तिथेच अंगठा काढून टाकला. नाहीतरी आमच्या गल्लीत अंगठा दाखवला तर भांडण लागतं. कापडं घेतली. कोल्हापुरात दर दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर टॉवेल असतोच. खेळाच्या शेवटी निवेदक विचारणार, "करवीरकरांनो, हा वीर हरला आहे. सोडायचा का? सोडायचा असेल तर टॉवेल हलवा." लोक हलवणार, आणि सम्राट उठून म्हणणार, "जीवदान!" मरणाचं वाक्य मी रेकॉर्डच केलं नाही. गणपतीसमोर मरण कशाला, आणि लोक नको म्हणतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आता माणसं. जिंकणारा वीर लगेच ठरला. सुजित, आमच्या तालमीचा तरणाबांड पैलवान, त्या वर्षी दोन-तीन मैदानं मारलेला. हरणारा मात्र मिळेना. तालमीतल्या एकेकाला विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर. "सर, कायबी करतो, पर पाठ लावून घ्यायची न्हाय." मी म्हटलं, "अरे बाबांनो, नाटक आहे." तर म्हणाले, "नाटकातबी न्हाय."

हे बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगतो. मातीतल्या कुस्तीत हार म्हणजे दोन्ही खांदे मातीला टेकणं, तोंड आभाळाकडे. त्याला चीत होणं म्हणतात. गुडघ्यावर आलात, पालथे पडलात, तोंडात माती गेली, तरी हरलेला नाहीत. पाठ लागली की हरलात. मैदानात हजारो माणसं बसलेली असतात, लांबच्याला नेमकं दिसत नाही, मग लोक हातानं बोलतात. पंजा उताणा केला की चीत झाली. पालथा करून हलवला की झाली नाही, लढू दे. निकाल पंच देतो, पण पंचही माणूसच. त्यालाही त्या पंज्यांच्या रानातूनच घरी जायचं असतं.

शेवटी मी तोडगा काढला. हरणाऱ्यानं पालथं पडायचं, पाठ लावायचीच नाही. तसा प्रसंग बसवला, तरी कुणी येईना. आणि एका संध्याकाळी आनंदा आला.

आनंदा पैलवान नेसरीकडचा. एकेकाळी त्याच्या नावावर मैदानं भरत. मग एका मोठ्या कुस्तीत, दोघं एकमेकांना गच्च भिडलेले असताना, तो एकाएकी सैल पडला आणि उताणा झाला. ना मोठा डाव, ना उचलून टाकलेला. लोकांना दिसलं ते एवढंच की गडी आपणहून निजला. पहिल्या रांगेतून आवाज आला, "नुरा हाय, नुरा!" नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. पैलवानाला ह्याच्यापेक्षा वाईट शिवी नाही. मैदान पेटलं, माती उडाली, आणि त्या दिवसापासून आनंदाबरोबर कुणी जोड धरली नाही. तो मार्केट यार्डात गुळाच्या भेल्या उचलायला लागला. अन् पहिल्या रांगेतून पहिली हाळी कुणी घातली, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. आमच्या अण्णांनीच.

आनंदा दारात उभा राहून म्हणाला, "सर, हरल्याल्याचं काम ऱ्हायलंय म्हनं."

"राहिलंय."

"पाठ लावायची हाय?"

"नाही. पालथं पडायचं."

"मग मी करतो. पाठ एकडाव लागली. पुन्ना लावायचा न्हाय."

मी विचारलं, "पण हेच काम का, आनंदा?"

तो म्हणाला, "आट वर्सं मान खाली घालून यार्डात हाय. एकदा लोकांच्या म्होरं हुबा ऱ्हातो. मग काय करत्यात ती करू देत."

रंगवताना त्यानं अंगरखा काढला तेव्हा मी डाव्या खांद्यावरचा लांब व्रण पाहिला. त्या कुस्तीत त्याचा खांदा निखळला होता. पुढे ऑपरेशन करावं लागलं. मी चिडलो. म्हटलं, "हे लोकांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. म्हनाले, हरल्यावर सगळ्यांचंच खांदं निखळत्यात. ऑपरेशन नंतर झालंया, त्यो पुरावा न्हवं. जाऊ दे. तुमच्याकडं कातडं हाय न्हवं, त्याचा पट्टा हिकडं बांधा." मी महादूकडून रुंद पट्टा करून घेतला आणि व्रण झाकला.

अण्णांना कळलं तेव्हा ते भडकले. "देखाव्याला नाट लावालाय सर तुमी. दुसरं कोन न्हाय गावलं?" मी म्हणालो, "तुमच्या तालमीतला एक तरी मर्द तयार करा, आनंदाला मी परत पाठवतो." अण्णांनी आनंदाला राहू दिलं. पण सरावाला ते आनंदाकडे पाठ करून बसायचे. सम्राट हरलेल्याला जीवदान द्यायचा तेही खुर्चीत तिरका बसून, भिंतीकडे बघत.

मी आनंदाला इनामदार बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं होतं. बोट वर करणं, कापडं, अंग चोरणाऱ्याची चीड. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे नुरा त्यांच्यातबी हुता म्हना की."

देखावा खुला झाला. पहिल्याच खेळाला रस्ता भरून गेला. सुजित-आनंदाची लाकडी तलवारींची लढाई झोकात झाली. बायका पोरांचे डोळे झाकत होत्या. आनंदा पालथा पडला, एक बोट वर केलं. निवेदकाचा आवाज घुमला, "सोडायचा असेल तर टॉवेल हलवा." मी टेपजवळ उभा राहून बघतोय. एक टॉवेल हालेना.

मग गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आवो, पाठ कुटं लागलीया? गडी पालथा पडलाय!"

आणि सगळ्या रस्त्यावर पंजे वर झाले. पालथे. हलणारे. झाली न्हाय, लढू दे. मी वर्षभर रोमचा विचार केला, पण खाली उभं असलेलं पब्लिक कोल्हापूरचं आहे हे माझ्या ध्यानातून गेलं होतं. ज्यांनी जन्मभर कुस्ती पाहिली त्यांना मी पालथा पडलेला माणूस हरलेला म्हणून दाखवत होतो. तेवढ्यात कॅसेटमधला सम्राट गरजला, "जीवदान!" लोक खदाखदा हसले. हरलेलाच नाही त्याला जीवदान कसलं?

तिथवर गंमत होती. दुसऱ्या दिवशी नेसरीकडची ट्रक भरून माणसं आली आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं आनंदाला ओळखलं. "ह्यो त्योच न्हवं का? यात्रंच्या कुस्तीत नुरा पडल्याला?" शब्द गर्दीत पसरला. त्या खेळाला आनंदानं बोट वर केलं तेव्हा लोक हसले नाहीत. मागून कुणी शीळ घातली, कुणी चपला वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी मिळून एकच शब्द धरला. "नुरा, नुरा." निवेदक टॉवेल हलवायची विनंती करत राहिला. सम्राटानं जीवदान दिलं. कॅसेट थांबत नाही म्हणून ते सगळं शेवटपर्यंत झालं, आणि आनंदा शेवटपर्यंत बोट वर करून पडून राहिला. मला आयुष्यात माझ्या टेपरेकॉर्डरचा एवढा राग कधी आला नव्हता. उरलेले खेळ आम्ही बंद ठेवले.

तालमीत बैठक बसली. अण्णा म्हणाले, "सर, त्येला उद्यापासनं बंद करा. लोक फळ्या मोडत्याल." मी म्हणालो, "आनंदा बंद तर मीही बंद. रोम तुम्ही तुमचं चालवा." हे मी रागानं बोललो, पण मनापासून बोललो.  मग कोपऱ्यातून आनंदाच बोलला, "मी उद्या येनार हाय. लोकांनी हाकलल्याशिवाय मी जायाचा न्हाय." अण्णांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी आनंदाकडे सरळ पाहिलं असावं. तंबाखूची चंची काढली आणि उठून गेले. 

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीलाच गर्दी मावत नव्हती. बातमी पेठापेठांत गेली होती, लोक रोम बघायला नव्हे, नुरा पैलवानाला हुसकवायला आले होते. आनंदा रंगायला बसला. मी पट्टा बांधायला घेतला तर म्हणाला, "आज नगं."

"व्रण दिसेल."

"दिसू दे. आनि सर, आज टेप जरा जपून."

जपून म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

पडदा उघडला तशी शिट्ट्यांना सुरुवात झाली. लढाई झाली. आनंदाच्या पडण्याचं संगीत वाजलं, ढोल, मग शिंग. आनंदा पडला नाही. त्यानं लाकडी तलवार बाजूला टाकली, डोक्यावरचं पातेलं काढून सम्राटाच्या पायाशी ठेवलं आणि वाकून दोन्ही मुठींत लाल माती घेतली. एक मूठ स्वतःच्या अंगाला लावली. दुसरी सुजितच्या खांद्यावर टाकली. कॅसेटमधला निवेदक म्हणत होता, "हा पाहा, वीर कोसळला!"

मी टेप बंद केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सगळा रस्ता शांत झाला. सुजित गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. आनंदा हात पुढे करून म्हणाला, "हिकडं बग. त्यांच्याकडं नगं. हात मिळव."

"आनंदामामा, तुमचा खांदा..."

"खांदा माझा हाय. तू तुजी कुस्ती कर. सैल सोडलीस तर तुज्या वस्तादाची आन हाय."

सुजितनं हात मिळवला. मिरवणुकीसाठी आणलेली हलगी मंडळाच्या एका पोराच्या गळ्यात होती. त्याला काय झालं कुणास ठाऊक, त्यानं कडाडून हलगी धरली, आणि आमच्या रोमच्या आखाड्यात खरी कुस्ती लागली.

मला भीती दोन गोष्टींची. फळ्या मोडतील, किंवा खांदा मोडेल. फळ्या करकरत होत्या. आनंदा वयानं उतरलेला, पण पहिल्या धक्क्यालाच त्यानं सुजितला मागे रेटलं, आणि गर्दीतून नकळत एक "व्वा" निघाला. शिट्ट्या थांबल्या होत्या. सुजितनं एक पट काढायला, म्हणजे पाय धरून खाली ओढायला, झेप घेतली, आनंदानं पाय मागे घेऊन वरून दाब दिला. पुन्हा उभे. सुजित हुशार होता, त्यानं आनंदाचा डावा हात धरायचा टाळला. आनंदाच्या ते ध्यानात आलं, आणि त्यानं तो डावा हात आपणहून सुजितच्या मानेवर टाकला. धर, म्हणाला. मी तोंड फिरवलं आणि पुन्हा वळवलं.

सुजितनं शेवटी पट काढलाच. आनंदाला खाली घेतलं, मागे जाऊन कब्जा केला. आनंदा पालथा, मातीला चिकटून. असाच राहिला असता तर रात्रभर कुणी त्याला उलटवू शकलं नसतं, आणि त्यानं मला सांगितलंही होतं, पाठ लावायचा नाही. पण तो जागेवर बसायला आला नव्हता. तो उठायला गेला, जोरात, सगळं अंग देऊन, आणि त्या उठण्यातच सुजितनं त्याला उलटवणारा घिस्सा भरला. आनंदा फिरला. दोन्ही खांदे लाल मातीत टेकले, स्वच्छ, सगळ्यांच्या समोर. तोंड आभाळाकडे.

हलगी थांबली. सुजित बाजूला झाला, पण त्यानं हात वर केले नाहीत. सगळे सम्राटाकडे बघत होते. अण्णा खुर्चीतून कधी उठले ते त्यांनाही कळलं नव्हतं. अंगावर लाल चादर, डोक्यावर आंब्याच्या पानांचा मुकुट. टेप बंद, त्यामुळे त्यांना कुणाचा आवाज उसना मिळणार नव्हता. अण्णांनी उजवा पंजा पुढे केला आणि हळूच उताणा केला. चीत.

आनंदा उठला. श्वास मावत नव्हता. त्यानं लोकांकडे पाठ केली आणि तसाच उभा राहिला. दोन्ही खांद्यांवर लाल मातीचे ठसे, आणि डाव्या ठशातून वर गेलेला तो व्रण. एक बोट वर करायचं होतं, ते त्यानं केलं नाही. त्यानं काही मागितलंच नाही.

पहिला टॉवेल कुणाचा होता ते मला दिसलं नाही. नेसरीच्या त्या म्हाताऱ्याचा होता असं नंतर लोक सांगायचे, पण लोक काहीही सांगतात. मला दिसलं ते एवढंच की एक हलला, मग चार, आणि मग सबंध रस्ता टॉवेल, पटके, गांधी टोप्यांनी भरून गेला. मी टेपच्या खोक्यावर बसून रडलो. वयानं एवढा मोठा माणूस, सरळ रडलो.

विंगेत महादू ओला फडका घेऊन आनंदाची पाठ पुसायला धावला. अण्णांनी त्याचा हात धरला. "पुसू नगंस. लोकास्नी बगू दे." मग आनंदासमोर उभे राहिले.  म्हणाले, "त्या दिवशी पयल्या रांगेत हुतो, तरी लांबनंच बगितलं हुतं. आज जवळनं बगितलं." अण्णांच्या तोंडून ह्यापेक्षा जास्त निघणार नव्हतं. आनंदानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

पुढचे दोन दिवस आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. रोज खरी कुस्ती व्हायची, फक्त शेवटच्या खेळाला, कारण रोज सगळे खेळ लढायला खांदा पुरला नसता. आनंदा रोज हरला. रोज पुरता लढून. आणि रोज टॉवेल हलले.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, शेवटच्या खेळाला, सुजितनं एक आगळीक केली. पोर मनाचं चांगलं. त्याला वाटलं, जाता जाता मामांनी जिंकावं. आनंदानं साधा ढकलला तर हा भुईवर उताणा. लोक टाळ्या वाजवायला लागले. आनंदाच्या चेहऱ्याकडे मात्र मी बघत होतो, आणि मला त्याची भीती वाटली.

तो सुजितच्या डोक्याशी उभा राहून म्हणाला, "ऊठ."

सुजित पडूनच हळू आवाजात म्हणाला, "मामा, एकदा तरी तुमी जिंका की."

"माजी पाठ खरी लागली तवा लोकांनी मला सोडला. तुजी खोटी लागलीया. तुला कोन सोडंल? ऊठ म्हन्तो न्हवं."

सुजित उठला. लोकांना काय चाललंय ते कळेना, टाळ्या विरत गेल्या. आनंदानं नव्यानं माती उचलली, त्याच्या अंगाला लावली, पुन्हा हात मिळवला. ह्या वेळी सुजित डोळे पुसत लढला, पण खरा लढला. आनंदा बराच वेळ टिकला. मग कब्जा, घिस्सा, आणि दोन्ही खांदे मातीत.

आता आमच्या पेठेत सजीव देखावे होत नाहीत. यंत्रावर हलणाऱ्या बाहुल्या येतात, त्या डासांनी चावल्या तरी खाजवत नाहीत. मला जमेल तेवढं दुःख मी करून घेतलं. पण त्या शेवटच्या खेळाची आठवण अजून स्वच्छ आहे. आनंदा मातीत उताणा पडलेला, छाती वरखाली होतेय, समोर हलणारे टॉवेल त्याला आडवे दिसत असणार. सम्राटाच्या खुर्चीतून अण्णा माझ्याकडे बघत होते, "जीवदान" वाजवायचं का म्हणून. मी टेपला हात लावला नाही. आनंदा आभाळाकडे बघून हसत होता, आणि त्याला उठायची अजिबात घाई नव्हती.